एकशे साठ एकर फुकट? आधी साखळी लावून बघू

पुतण्या अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, ओमाहात नोकरीला आहे. बीट्रिस गावाजवळचं होमस्टेड कायद्याचं स्मारक बघायला गेला होता, तिथूनच त्याने फोन लावला. "काका, इथं लिहिलंय की सरकार लोकांना १६० एकर फुकट द्यायचं. आपल्याकडं पाच गुंठ्यांसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात. मग इथले लोक जमीन घेऊन अर्ध्यात सोडून का गेले, वाटेत गावं ओस का दिसतात? आणि उघड्या मोकळ्या माळावर 'ही माझी' असं सांगायचं तरी कसं? शिवाय आपले लोक इथं का दिसत नाहीत?" फोनवर सुचलं तेवढं सांगितलं. नीट उत्तर आता त्यालाच उद्देशून देतो.

मी चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात काढली. भूकरमापक म्हणून लागलो, निमतानदार, म्हणजे मोजणी तपासणारा, म्हणून बाहेर पडलो. नेब्रास्कात दोन उन्हाळे राहून आलोय. तिथल्या मका-सोयाबीनमधलं मला फारसं कळत नाही. पण हद्द, ताबा, नोंद आणि साक्षीदार म्हटलं की कान टवकारतात, आणि होमस्टेडचा सगळा मामला या चार गोष्टींचाच आहे.

सुरुवात साखळीपासून करू. एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने सतराव्या शतकात ६६ फुटांची मोजणीची साखळी ठरवली. अशा दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आमची खात्यातली जुनी साखळी तिच्या निम्मी, ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच आपला गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एकर. तेव्हा तू ज्या गुंठ्यावरून हसलास तो आणि तिथला १६० एकरांचा तुकडा हे एकाच साखळीचे वंशज आहेत.

अमेरिकेने १७८५ च्या वटहुकुमाने ठरवलं की पश्चिमेकडची सरकारी जमीन चौकोनांत कापायची. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे छत्तीस सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. सेक्शनचे चार भाग केले की १६० एकर. एक बाजू चाळीस साखळ्या, अर्धा मैल. ते लोक याला 'क्वार्टर' म्हणतात. १६० हा आकडा आला तो असा, चार ने भागून. एका कुटुंबाला किती रान लागेल, पाऊस किती, जनावरं किती, असा हिशेब कोरड्या मुलखासाठी कुणी मांडला नव्हता. ओहायो-इलिनॉयच्या पावसाळी भागात तेवढं रान पुरून उरायचं. तेच माप पुढं पश्चिमेला ओढत नेलं. पुढचं निम्मं रामायण या एका आकड्याने घडवलंय.

आपल्याकडची मोजणी उलटी झाली. आधी शेत होतं, बांध होता, ओढा होता, भांडण होतं. मग मोजणीदार आला आणि जे होतं ते टिपणावर उतरवलं. म्हणून आपले सर्व्हे नंबर वेडेवाकडे, ओढ्यासारखे वळणारे. तिथं रेषा आधी आखल्या, माणसं मागून आली. कंत्राटी सर्व्हेअर मैलाच्या दराने पैसे घेत उभ्या-आडव्या रेषा ओढत जायचे. दगड मिळाला तर कोपऱ्यावर दगड, झाड असेल तर झाडावर खूण, आणि दोन्ही नसलं तर खड्डे खणून मधे मातीचा उंचवटा. पाच-दहा वर्षांनी येणाऱ्या माणसाने कंबरभर गवतात तो उंचवटा शोधायचा. एक कोपरा सापडला की गाडीच्या चाकाला चिंधी बांधायची, चाकाचा घेर मोजायचा आणि फेरे मोजत पुढच्या कोपऱ्याकडे जायचं. पृथ्वी गोल असल्यामुळे चौकोन नीट बसत नाहीत. ती चूक टाउनशिपच्या उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कडेच्या सेक्शनांत ढकलायची असा नियमच होता. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण गटातली फरकाची जमीन कुणाच्या तरी कडेला ढकलण्याची विद्या आम्हालाही अवगत आहे.

आता दावा कसा करायचा ते. कायद्यावर लिंकनची सही २० मे १८६२ ची, अंमल १ जानेवारी १८६३ पासून. अर्जदार एकवीस वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख हवा, नागरिक हवा किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला हवा, आणि त्याने अमेरिकेविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं. तेव्हा यादवी युद्ध चालू होतं, ही अट दक्षिणेच्या बंडखोरांसाठी. अविवाहित बाई, विधवा, नवऱ्याने टाकलेली बाई स्वतःच्या नावाने अर्ज करू शकत होती, नवऱ्यासोबत नांदणारी सहसा नाही. आपल्याकडच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव यायला किती काळ लागला हे आठवलं की ही तरतूद डोळ्यांत भरते.

जमीन-कचेरीत जायचं, नकाशावर तुकडा दाखवायचा, दहा डॉलर अर्जाचे आणि दोन कमिशनचे भरायचे. मग सहा महिन्यांच्या आत जमिनीवर राहायला जायचं. पाच वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. शेवटी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची, दोन शेजारी साक्षीला न्यायचे, सहा डॉलर भरायचे. एकूण अठरा डॉलर. मग वॉशिंग्टनहून जो कागद येतो त्याला ते पेटंट म्हणतात. आपल्या भाषेत सरळ सनद.

घाई असेल तर दुसरी वाट होती. सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलरने पैसे भरायचे, १६० एकरांचे दोनशे डॉलर, आणि सनद घ्यायची. बऱ्याच जणांनी ही वाट कर्जासाठी धरली. सनद होईपर्यंत जमीन सरकारची, म्हणून तिच्यावर शेतसारा नाही, आणि मालकाच्या जुन्या कर्जापोटी ती जप्तही होत नाही. ऐकायला छान वाटतं. पण त्याचमुळे ती गहाणही पडत नाही, आणि बी-बियाण्याला, बैलाला पैसा कुठून आणायचा? सनद आली की पहिला सावकार दारात.

तुझ्या त्या स्मारकाची जागा डॅनियल फ्रीमनची. गोष्ट अशी सांगतात की तो सैन्यातून आलेला होता, परत हजर व्हायचं होतं, म्हणून ३१ डिसेंबरच्या रात्री ब्राउनव्हिलमध्ये त्याने जमीन-कचेरीच्या माणसाला गळ घातली आणि मध्यरात्र उलटताच अर्ज दाखल केला. ती गोष्ट रंगवलेली असेल-नसेल. मी तिथं गेलो तेव्हा मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. त्याच्या रानातून कब क्रीक नावाचा ओढा वाहतो आणि ओढ्याकाठी झाडी आहे. म्हणजे पाणी, सरपण आणि घराला लाकूड, तिन्ही बांधाच्या आत. पहिल्याने येणारा असाच तुकडा धरणार. दहा वर्षांनी आलेल्याला फक्त गवत. आणि रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक सेक्शन मिळालेले होते, म्हणून रुळांजवळ घ्यायला गेलं तर त्या पट्ट्यात होमस्टेडवाल्याला बराच काळ ऐंशीच एकर मिळायचे. बाजाराजवळ राहायचं तर अर्धं घे, पुरं हवं तर लांब जा.

फुकट म्हणतोस तर हा एक हिशेब कर. बारा इंच रुंद तास पाडणारा नांगर घे. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, तेव्हा एक एकर नांगरायला बैलांमागे ४३,५६० फूट चालावं लागतं. सव्वाआठ मैल, म्हणजे तेरा किलोमीटरच्या वर. चाळीस एकर मोडायचे तर ३३० मैल. आणि ते नांगरणं आपल्या भुसभुशीत काळ्या रानातलं नाही. त्या गवताच्या मुळ्यांचं जाळं इतकं घट्ट की ती माती चामड्यासारखी सोलून निघायची. याच पट्ट्या फावड्याने तोडून, विटांसारख्या एकावर एक रचून घरं बांधली. लाकूड नव्हतंच, दगडही क्वचित. अशा घराला ते 'सॉडी' म्हणायचे. भिंती दोन-तीन फूट जाड, त्यामुळे उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. धाब्याच्या घरात राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. आणि धाबं गळायला लागलं की काय होतं तेही. बाहेरचा पाऊस थांबला तरी आत दोन दिवस चिखल टपकत राहतो, आणि छपरातून साप डोकावतो. १८८६ पासून सॉलोमन बुचर नावाच्या फोटोग्राफरने कस्टर काउंटीत अशा घरांपुढं कुटुंबं उभी करून फोटो काढले. त्यातला बाप ताठ, आई थकलेली, पोरं अनवाणी, आणि कुठंकुठं घरातली सगळ्यात चांगली वस्तू मुद्दाम बाहेर आणून मांडलेली. आपल्याकडं जुन्या फोटोत रेडिओ मांडायचे, तसंच.

जळणाला गोवऱ्या. गाईच्या आणि त्याआधी रानरेड्यांच्या, म्हणजे बायसनच्या. सुरुवातीला बायका चिमट्याने उचलायच्या, नंतर हाताने, असं सांगतात. आपल्याकडं हे वाचून कुणी नाक मुरडणार नाही.

१८७४ ला टोळधाड आली ती पिकंच काय, औतांच्या मुठीसुद्धा कुरतडून गेली. १२ जानेवारी १८८८ ला सकाळी ऊब होती, दुपारी बर्फाचं वादळ आलं आणि शाळेतून घरी निघालेली मुलं वाटेत गोठली. दोनशेहून जास्त माणसं त्या एका दिवसात गेली असं धरतात. हे सगळं खरं, पण लोक परत गेले ते मुख्यतः यामुळे नाही. टोळ येते आणि जाते. जमिनीचा पाऊस मात्र कायमचा असतो.

नेब्रास्कात शंभराव्या रेखांशावर कोझॅड गाव आहे, तिथं हायवेलगत तशी पाटीच लावलीय. साधारण त्या रेषेच्या आसपास वर्षाला वीस इंच पाऊस, म्हणजे पाचशे मिलिमीटर. पूर्वेला बीट्रिसकडे तीस इंच, पश्चिमेला कोलोरॅडोच्या बाजूला सरकत गेलं की पंधरा-सोळा. माण, आटपाडी, सांगोल्याच्या माणसाला पाचशे मिलिमीटर म्हणजे काय ते सांगायला नको. जॉन वेस्ली पॉवेल नावाच्या, एक हात गमावलेल्या सैनिक-भूगर्भशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये सरकारला अहवाल दिला. या कोरड्या मुलखात चौकोन कापू नका, पाण्याच्या मागाने हद्दी आखा. पाटपाण्याखाली ऐंशी एकर पुरेत, पण नुसत्या चराईवर जगायचं तर माणशी २५६० एकर द्या. म्हणजे कायद्यातल्या आकड्याच्या सोळा पट. तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, तो अहवाल बाजूला ठेवला.

त्याच काळात दुसरी एक मंडळी सांगत फिरत होती की नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो. सॅम्युएल ऑघी हे नेब्रास्काच्या विद्यापीठातले प्राध्यापक त्यात पुढं होते. मोडलेली जमीन पाणी शोषते, वाफ सोडते, ढग होतात, असा युक्तिवाद. नेमकी काही वर्षं पाऊस बरा झाला, रेल्वेवाल्यांना तर प्रवासी हवेच होते, आणि लोक रेषा ओलांडून पश्चिमेला सरकले. १८९० च्या आणि १८९४ च्या दुष्काळाने हिशेब चुकता केला. तू ज्या ओस जागा बघितल्यास त्यांतल्या कितीतरी त्या वेळेपासून उठायला लागल्या.

सरकारला कळलं, पण हप्त्याहप्त्याने. १८७३ ला कायदा केला की १६० पैकी चाळीस एकरांत झाडं लावा आणि आणखी एक क्वार्टर न्या. जिथं गवत मुश्किलीने तगतं तिथं झाडं. नंतर चाळीसचे दहा केले. १९०४ ला किंकेड नावाच्या प्रतिनिधीच्या कायद्याने पश्चिम नेब्रास्कात ६४० एकर द्यायला सुरुवात केली, १९०९ ला इतर कोरड्या राज्यांत ३२०, १९१२ ला पाच वर्षांची तीन केली. मला इथं आपला इस्तावा आठवतो. मराठेशाहीत पडीक रान लागवडीला आणायचं तर कुळाला कौल द्यायचे, आणि सारा पहिल्या वर्षी नाममात्र, मग वर्षागणिक चढता. रान मोडणाऱ्याची पहिली वर्षं उपाशी जातात हे त्या कागदालाच माहीत होतं. होमस्टेडमध्ये सारा नव्हता हे खरं, पण मूळ कायद्यात माप आणि मुदत सगळीकडं एकच. ओढाकाठच्या फ्रीमनला जे, तेच वाळूच्या टेकडीवरच्याला.

आता साक्षीदार. माझा आवडता विषय. दोन शेजाऱ्यांनी शपथेवर सांगायचं की हा इथं राहिला, याने घर बांधलं, एवढे एकर कसले. शेजाऱ्याचाही दावा असायचाच, त्याला उद्या याची साक्ष लागणार. मग काय, तू माझी पाठ खाजव, मी तुझी. आमच्याकडं ताब्याच्या पंचनाम्यात पाच पंच एकच वाक्य बोलायचे, 'सदर इसम गेली वीस वर्षे सलग कसत आहे', आणि त्यातल्या दोघांना शिवार कुठल्या अंगाला आहे ते दाखवता यायचं नाही. एका गावी तर एका पंचाने माझ्याच वहीत बघून चतुःसीमा सांगितली. तिथंही घर बारा बाय चौदा हवं अशी समजूत होती, फूट की इंच ते शपथेत आलं नाही म्हणून कुणी बाहुलीचं घर ठेवलं असं सांगतात. चाकांवरची खोली एका दाव्यावरून दुसऱ्यावर ओढत न्यायचे, हेही. गुरांचे मोठे मालक आपल्या गड्यांच्या नावाने अर्ज टाकायचे, पाण्याची जागा तेवढी धरायचे. पाणी हातात आलं की भोवतीचं हजारो एकर गवत आपोआप आपलं, कारण पाण्याशिवाय ते कुणाला नकोच.

उलट बाजूचा त्रासही होता. सहा महिन्यांहून जास्त गैरहजर राहिलास तर दुसरा कुणीही तुझ्या दाव्यावर हरकत घेऊ शकायचा. पोटासाठी रेल्वेच्या कामावर गेलेला माणूस परत यायच्या आत त्याच्या रानावर दुसऱ्याचा तंबू. म्हणून बायको-पोरांना सॉडीत ठेवून पुरुष कामाला जायचे. ते पाच वर्षांचं 'राहणं' कागदोपत्री पुरुषाच्या नावावर असलं तरी जागा अडवून बसली ती बरेचदा बाई.

आणि मोकळा माळ? हा शब्द मी तुला वापरू देणार नाही. गाव नमुन्यात 'पडीक' लिहिलं म्हणजे तिथं कुणी नाही असं होत नाही, हे गायरानं मोजताना शिकलोय. शेळ्या चारणाऱ्याची पालं तिथं पिढ्यान्‌पिढ्या पडत असतात, नोंद फक्त नसते. बीट्रिसच्या भोवतालचा मुलूख ओटो-मिसूरिया लोकांचा. त्यांनी तो १८५४ च्या तहात, म्हणजे फ्रीमनच्या अर्जाच्या अवघी नऊ वर्षं आधी, सोडून दिला, आणि बिग ब्लू नदीकाठचा एक राखीव पट्टा तेवढा ठेवला. पुढं तोही विकला गेला आणि १८८१ मध्ये ते ओक्लाहोमाकडं गेले. १८८७ च्या डॉस कायद्याने तर जमातींच्या सामाईक जमिनींचीच फाळणी केली. कुटुंबप्रमुखाला पुन्हा तेच १६० एकर, उरलेली 'जादा' म्हणून गोऱ्यांना खुली. १८८७ ला त्यांच्याकडं सुमारे १३ कोटी ८० लाख एकर होती, १९३४ ला ४ कोटी ८० लाख. सामाईक जमीन मोजून, पोटहिस्से पाडून, मग एकेक हिस्सा बाजारात आणणं, ही युक्ती साखळीवाल्यांच्या हातूनच होते. आमच्या हातांनीही असे कागद झालेत.

आपले लोक तिथं का दिसत नाहीत, असंही तू विचारलंस. नागरिकत्वाची अट हेच एक मोठं कारण. आशियातल्या लोकांना नागरिक होण्याचा रस्ताच बंद होता, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने भारतीय माणसालाही त्यातच बसवलं. यादवी युद्धानंतर गुलामीतून मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबांना मात्र दावा करता येत होता. कॅन्ससमधलं निकोडेमस गाव त्यांनी १८७७ ला वसवलं, ते अजून आहे.

शेवटी आकडा काय निघाला? सुमारे १६ लाख सनदा, २७ कोटी एकर, देशाच्या दहाव्या हिश्शाएवढी जमीन. कायदा १९७६ ला रद्द झाला, अलास्कात आणखी दहा वर्षं चालला. सनदेवर 'नवीन शर्त' नव्हती, भोगवटादार वर्ग २ सारखी कलेक्टरच्या परवानगीची भानगड नव्हती. आज सनद, उद्या विक्री. म्हणून ज्यांनी तग धरला त्यांनी शेजाऱ्याचं विकत घेतलं, आणि एका घराच्या जागी चार घरांचं रान झालं. तुला दिसलेली ओस गावं म्हणजे जमीन ओस नव्हे, ती पेरलेलीच आहे. घरं कमी झालीत.

एक काम कर. पुढच्या वेळी डेन्व्हरच्या विमानात खिडकीजवळ बस. खाली हिरवे गोल दिसतील, चौकोनात बसवलेले. फ्रँक झायबाक या शेतकऱ्याने १९५२ ला पेटंट घेतलेलं फिरतं सिंचन यंत्र ते. मधल्या विहिरीभोवती नळ गोल फिरतो, पाणी जमिनीखालच्या ओगलाला थराचं. चौकोन म्हणजे तोच क्वार्टर, अर्ध्या मैलाचा. त्यात बसणारा गोल साधारण १२५ एकरांचा, टोकाला फवारा लावला तर थोडा जास्त. चार कोपरे कोरडे राहतात. माझ्या हिशेबाने तीस-पस्तीस एकर, आमच्या भाषेत पोटखराब. बघून मला सांग, त्या कोपऱ्यांत हल्ली काय पेरतात ते.